बँकेने पैसे परत दिले आणि गेमचं खातं बंद पडलं

वाचकाचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या २३ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. गेली आठ वर्षं एकाच ऑनलाइन गेमिंग प्लॅटफॉर्मवर त्यांचं खातं आहे. सेल बघून, वाढदिवसाच्या पैशांतून, पुढे पहिल्या पगारातून त्यांनी १३४ गेम जमवले. मार्चमध्ये वडिलांच्या क्रेडिट कार्डावरून ३,४९९ रुपयांचा नवा गेम घेतला. ओटीपी वडिलांच्या फोनवर आला आणि त्यांनीच तो सांगितला. गेम लॅपटॉपवर सुरू होऊन लगेच बंद पडायचा. दोन-तीन दिवस खटपट करून परतावा मागितला, तर 'खेळण्याची वेळ तीन तासांहून जास्त' म्हणून नकार आला. वडील चिडले. त्यांनी बँकेच्या अ‍ॅपवर 'हा व्यवहार मी केलेला नाही' असं कारण निवडून तक्रार टाकली. आठवड्याभरात पैसे कार्डावर जमा झाले. सगळं मिटलं असं वाटलं, पण तीन आठवड्यांनी खातं बंद झालं, कारण 'पेमेंटचा वाद'. आता १३४ पैकी एकही गेम उघडत नाही. ते विचारतात: बँकेने आमच्या बाजूने निकाल दिला असताना आम्ही विकत घेतलेले गेम हे लोक कसे काढून घेऊ शकतात? वडील म्हणतात, पैसे परत भरले तर चूक कबूल केल्यासारखं होईल, ग्राहक न्यायालयात जा. मित्र म्हणतो, नवं खातं काढून मोकळा हो. मी काय करू?

उत्तर

तुमच्या पत्रात दोन वेगळी भांडणं एकमेकांत अडकली आहेत आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिलं भांडण गेम चालत नव्हता आणि परतावा नाकारला याचं. त्यात तुमची बाजू चांगली आहे. दुसरं भांडण बँकेला जे सांगितलं त्याचं. त्यात प्लॅटफॉर्मची बाजू चांगली आहे, कारण व्यवहार तुमचाच होता, ओटीपी घरातूनच गेला होता. सध्या तुम्ही पहिल्या भांडणातला राग घेऊन दुसरं भांडण लढताय. माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. आधी दुसरं भांडण स्वतःहून बंद करा, खातं उघडून घ्या, आणि मग पहिलं पूर्ण जोर लावून लढा.

बँकेने 'निकाल दिला' या समजापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. बँकेने अजून कसलाही निकाल दिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने 'हा व्यवहार माझा नाही' असं कळवलं की १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करणं बँकेवर बंधनकारक आहे. चौकशी त्यानंतर होते, आणि ती ९० दिवसांत संपवायची असते. तुम्हाला आठवड्यात पैसे मिळाले ते या नियमामुळे. बँकेने अजून कोणाचीही बाजू तपासलेली नाही. तो एसएमएस किंवा ईमेल पुन्हा उघडून बघा. 'तात्पुरती' किंवा 'चौकशीच्या अधीन' अशा अर्थाचा शब्द त्यात बहुधा असेल.

इकडे पैसे जमा होत असताना तिकडे बँकेने कार्ड नेटवर्कमार्फत ती रक्कम दुकानदाराकडून मागे ओढलेली असते. याला चार्जबॅक म्हणतात. दुकानदाराला काही आठवड्यांत पुरावे देऊन हा दावा खोडता येतो. तुमच्या बाबतीत त्याच्याकडे आहे तरी काय ते बघा: ओटीपीने पडताळलेला व्यवहार, आठ वर्षं जुनं खातं, नेहमीच्याच ठिकाणाहून झालेलं लॉगिन, त्या गेममध्ये तीन तासांची नोंद, आणि वर तुमचाच परताव्याचा अर्ज. ज्याने गेम घेतलाच नाही तो परतावा कसा मागेल? हे कागद बँकेसमोर आले की तात्पुरती जमा रक्कम पुन्हा कार्डावर नावे पडेल, म्हणजे तुमच्याकडून वसूल होईल. म्हणजे पैसेही गेले, गेमही गेला आणि खातंही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असा हा प्रकार होईल. म्हणून चौकशीचा शेवट होण्याआधी हालचाल करायला हवी.

एका ३,४९९ रुपयांसाठी अख्खं खातं बंद करणं अन्यायाचं वाटतं, आणि त्या शिक्षेचं प्रमाण चुकतंय हे मलाही मान्य आहे. वादातला गेम काढून घेणं एक वेळ समजू शकतं. त्याच्याशी संबंध नसलेले, पूर्ण पैसे मोजलेले १३३ गेम अडकवून ठेवणं ही दांडगाई आहे. तरी प्लॅटफॉर्म असं का वागतात ते समजून घ्या. प्रत्येक चार्जबॅकमागे दुकानदाराला रकमेशिवाय वेगळं शुल्क पडतं. चार्जबॅकचं प्रमाण वाढलं तर कार्ड नेटवर्क दंड लावतात. शिवाय चोरलेल्या कार्डांवर गेम घेऊन ते पुढे विकण्याचा धंदा जगभर चालतो, त्यामुळे 'व्यवहार माझा नाही' हे कारण दिसलं की यंत्रणा खातं चोराच्या हातात आहे असं धरून चालते. वडिलांनी निवडलेल्या त्या एका पर्यायाचा तिकडे हा अर्थ लागला.

बँकेच्या तक्रार अर्जात सहसा चार-पाच कारणं असतात: व्यवहार मी केलेला नाही, रक्कम दोनदा कापली, वस्तू किंवा सेवा मिळाली नाही, मिळालेली वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, रद्द करूनही परतावा आला नाही. तुमच्या प्रसंगात खरं कारण 'वर्णनाप्रमाणे नाही' हे होतं. ते निवडलं असतं तर गेम चालत नसल्याचे पुरावे बँकेने मागितले असते, वेळ गेला असता, आणि खातं तरीही अडकलं असतं कदाचित. पण तुमच्याकडे बोलायला खरी बाजू राहिली असती. हे वाचणाऱ्या इतरांनी एवढं लक्षात ठेवावं की त्या यादीतलं कारण म्हणजे तुमचं लेखी निवेदन असतं. घाईत सगळ्यात वरचा पर्याय दाबू नका.

आता 'आम्ही विकत घेतलेले गेम'. भावना पटते, पण कागद वेगळं सांगतो. स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाच्या सदस्य करारात गेम विकले जात नाहीत, वापरण्याचा परवाना दिला जातो, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. इतर मोठ्या दुकानांचे करारही त्याच वळणाचे आहेत. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून, १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तूच्या बटणावर 'खरेदी' असा शब्द वापरायचा तर हा परवाना आहे हे ठळक सांगणं सक्तीचं केलं. त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ पासून, स्टीमच्या पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ दिसू लागली. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'द क्रू' हा २०१४ चा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसकट बंद झाला आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या खात्यांतून परवानाही काढला गेला. त्या लोकांनी तर कुठलाही पेमेंटचा वाद घातला नव्हता.

याचा अर्थ तुम्हाला काहीच हक्क नाहीत असा मात्र काढू नका. करारात काहीही लिहिलं तरी ग्राहक कायदा त्याच्या वर असतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला परताव्याच्या नियमांवरून न्यायालयात खेचलं. कंपनी म्हणाली, आम्ही अमेरिकेतले, तुमचा कायदा आम्हाला लागत नाही. न्यायालयाने ते ऐकलं नाही आणि २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. आपल्याकडेही २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे वस्तू किंवा सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीला लागू होतात. पण हा हक्क वापरायला जाताना आपली स्वतःची बाजू स्वच्छ लागते. आज इथल्या ग्राहक आयोगापुढे गेलात तर समोरचा पक्ष एकच कागद पुढे करेल: बँकेला दिलेलं 'व्यवहार माझा नाही' हे निवेदन. त्यानंतर गेम किती वेळा क्रॅश झाला हे कोणी ऐकणार नाही.

वडिलांना वाटतं तसं पैसे परत करणं म्हणजे शरणागती आहे का? त्यांचा राग मला कळतो. चालत नसलेल्या मालाचे पैसे परत मिळत नाहीत हे त्यांच्या पिढीच्या दुकानदारीत बसत नाही, आणि ते बसूही नये. पण त्यांना कबूल करायची आहे ती फक्त कारण चुकीचं नोंदवल्याची गोष्ट. गेम चालत नव्हता हे विधान जागच्या जागी राहतं, उलट मोकळं होतं. त्यांच्याशी बोलताना आकडे समोर ठेवा. ईमेलमध्ये जुन्या पावत्या शोधा, १३४ गेमांची बेरीज मांडा. ती बेरीज आणि ३,४९९ रुपये एका कागदावर शेजारी लिहिले की बरंचसं बोलणं आपोआप होतं. बँकेकडे जायला ते कचरत असतील, तर त्यांना हेही सांगा की बँकेकडे अशा तक्रारी नेहमीच मागे घेतल्या जातात. घरातल्या कोणीतरी केलेला व्यवहार आधी ओळखता आला नाही, असं तर रोज घडतं. स्टेटमेंटवर गेमचं नाव येतच नाही, पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाचं काहीतरी तुटक नाव येतं. तुमच्या बाबतीत मात्र वडिलांना व्यवहार माहीत होता, तेव्हा ओळखता आला नाही असंही लिहू नका. एक चुकीचं निवेदन दुरुस्त करताना दुसरं घालू नये.

बँकेला पत्र कार्डधारकाच्या, म्हणजे वडिलांच्याच नावाने आणि नोंदणीकृत ईमेलवरून जायला हवं. त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक, व्यवहाराची तारीख, रक्कम, स्टेटमेंटवर दिसतं तसं दुकानाचं नाव आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक लिहा. मजकूर छोटा ठेवा: 'हा व्यवहार माझ्या मुलाने माझ्या संमतीने केला होता. तक्रार नोंदवताना कारण चुकीचं निवडलं गेलं. मी ही तक्रार मागे घेत आहे. तात्पुरती जमा केलेली रक्कम माझ्या कार्डावर पुन्हा नावे टाकावी आणि चार्जबॅक मागे घेतल्याचं किंवा केस बंद केल्याचं लेखी पत्र द्यावं.' शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. कस्टमर केअरवर फोन करून 'मागे घेतली' असं तोंडी ऐकून थांबू नका. कागद हातात नसेल तर प्लॅटफॉर्मला दाखवणार काय?

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे, बँकेची केस चालू असतानाच घाईघाईने प्लॅटफॉर्मला थेट पैसे भरतात. पुढे चौकशीत दुकानदार जिंकतो, बँकही रक्कम वळती करते, आणि एका गेमचे पैसे दोनदा जातात. ते परत मिळवणं म्हणजे तिसरं भांडण. म्हणून पैसे परत जाण्याचा रस्ता एकच ठेवा, आणि शक्यतो तो बँकेचाच असू द्या. दुसरं म्हणजे, रक्कम कार्डावर परत नावे पडली की ती पुढच्या बिलात येते. कुटुंबाच्या डोक्यातून ते निघून गेलं तर व्याज आणि विलंब शुल्क लागतं. त्या महिन्याचं बिल नीट बघून पूर्ण भरा.

बँक कदाचित म्हणेल की चार्जबॅक पूर्ण झाला, दुकानदाराने वेळेत उत्तर दिलं नाही, आता केस उघडता येणार नाही. असंही होतं. मग त्याच अर्थाचं पत्र मागून घ्या आणि ते प्लॅटफॉर्मला पाठवून, थकीत रक्कम कशी भरायची हे त्यांच्याकडून लेखी विचारा. रक्कम भरण्याची पद्धत प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळी असते. त्यांनी सांगितल्याशिवाय आपणहून वॉलेटमध्ये पैसे टाकू नका, कारण बंद खात्यात टाकलेले पैसेही अडकून बसू शकतात.

प्लॅटफॉर्मच्या मदत विभागाला लिहिताना खात्याशी जोडलेला ईमेलच वापरा आणि एकच तक्रार उघडा. रोज नवी तक्रार टाकली की आधीच्या बंद केल्या जातात किंवा तुम्ही रांगेत मागे जाता. त्याच तक्रारीत उत्तरं देत राहा. पत्र इंग्रजीत, सात-आठ ओळींचं असावं: खात्याचं नाव, खरेदीच्या ईमेलमधला व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम, चार्जबॅकचं कारण कार्डधारकाने चुकीचं निवडलं होतं ही कबुली, बँकेच्या पत्राची प्रत, आणि नेमके तीन प्रश्न. रक्कम तुमच्याकडे पोहोचली का? नसेल तर आणखी काय हवं? खातं पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील? पत्राच्या प्रतीवर शेवटचे चार अंक सोडून कार्ड क्रमांक झाका. सीव्हीव्ही आणि ओटीपी कोणीही मागितला तरी द्यायचा नाही, प्लॅटफॉर्मच्या नावाने आलेल्या ईमेललाही नाही. रागाची वाक्यं या पत्रात नकोत. वाचणारा माणूस खातं उघडावं की नाही एवढंच ठरवणार आहे, त्याला तेवढ्यापुरता मजकूर द्या.

बँकेकडून रक्कम दुकानदारापर्यंत पोहोचायला दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी खातं उघडलं नाही म्हणून घाबरू नका. आठवड्यातून एकदा त्याच तक्रारीत विचारणा पुरेशी आहे.

मित्राने सुचवलेला नव्या खात्याचा मार्ग मला मुळीच पटत नाही. जुने गेम त्यातून परत येत नाहीत, हे झालंच. शिवाय जुन्या खात्यावर थकबाकी असताना त्याच लॅपटॉपवरून आणि त्याच कार्डावरून नवं खातं काढलं तर तेही अडकण्याचा धोका असतो, आणि मग मदत विभागाला तुम्ही टाळाटाळ करणारे वाटता. 'बंद खातं उघडून देतो' म्हणून टेलिग्रामवर पैसे मागणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहा. ते पासवर्ड मागतात आणि राहिलंसाहिलं खातंही जातं.

खातं हाती आलं की खऱ्या तक्रारीकडे वळा. स्टीम आणि एपिक या दोन्ही दुकानांत परताव्याची साधारण मर्यादा सारखीच आहे: खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याची वेळ दोन तासांच्या आत. गॉग या दुकानात ३० दिवस मिळतात आणि गेम चालवून पाहिला असला तरी चालतं. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की ती सोय सहसा संपते. तुमची तीन तासांची नोंद बहुतेक खेळण्यात गेलेलीच नाही. घड्याळ गेमची प्रोसेस चालू असेपर्यंत पळत राहतं. नवे मोठे गेम पहिल्यांदा उघडताना शेडर (चित्रं रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करत बसतात, त्यात साध्या लॅपटॉपवर अर्धा तासही जातो. गेम क्रॅश झाला तरी त्याची प्रोसेस मागे लटकून राहू शकते आणि वेळ मोजली जातच राहते. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ती बंद केल्याशिवाय घड्याळ थांबत नाही. तुम्ही दोन-तीन दिवस सेटिंग बदलून पाहत होतात तो सगळा काळ 'खेळ' म्हणून धरला गेला.

स्टीमच्या धोरणातच लिहिलं आहे की मर्यादेबाहेर असलात तरी अर्ज करा, आम्ही बघू. मात्र तो अर्ज पुराव्यानिशी असला पाहिजे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन' विभागात प्रत्येक क्रॅशची नोंद वेळेसह असते. त्याचे स्क्रीनशॉट काढा. पाच मिनिटांच्या अंतराने सात-आठ नोंदी ओळीने दिसल्या तर तीन तासांच्या आकड्याची हवा निघून जाते. सोबत विंडोजमधलं डीएक्सडायग हे साधन चालवून निघालेली लॅपटॉपची माहिती आणि विक्रीच्या पानावरच्या किमान गरजांचा स्क्रीनशॉट जोडा. इथे मात्र स्वतःशी प्रामाणिक राहा. लॅपटॉपची ग्राफिक्स मेमरी किमान गरजेपेक्षा कमी असेल तर तक्रार तिथेच संपते. मेमरी पुरेशी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि विंडोज गेमला कमजोर चिपवर ढकलतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स विभागात जाऊन त्या गेमसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा करून बघा. कदाचित गेम चालेलही.

एवढं करून नकारच आला तर पायऱ्या अशा. प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तिथे दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. फुकट आहे, आणि लहान रकमेच्या वादांत कित्येकदा इथेच तडजोड होते. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यातच, तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. वडिलांना आयोगाकडे जायचंच असेल तर जरूर जावं, फक्त खात्याचा वाद मिटवून झाल्यावर. ३,४९९ रुपयांसाठी काही महिने तारखा सांभाळण्याची तयारी आहे का, हे आधी घरात ठरवा. नसेल तर १९१५ पर्यंत जाऊन थांबण्यात कमीपणा नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मात्र जाऊ नका. तुमच्या प्रकरणात बँकेने काही चुकवलेलं नाही.

अशाच पेचातल्या इतर वाचकांसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. रक्कम दोनदा कापली गेली असेल तर लगेच चार्जबॅक करू नका. कार्ड किंवा यूपीआयने दुकानाला पैसे गेले पण दुकानाकडे पोच झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाने पाच दिवसांत ते आपोआप परत यावे लागतात, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तेवढे दिवस थांबा. यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक जपून ठेवा. परतावा 'दिला' असं दुकान म्हणतं आणि कार्डावर दिसत नसेल, तर दुकानाकडून २३ अंकी एआरएन क्रमांक मागा. तो दिला की बँकेला ती रक्कम शोधता येते.

कार्ड खरंच चोरीला गेलं किंवा खातं हॅक करून कोणी खरेदी केली, तर गोष्ट निराळी. तिथे बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवा, कारण बाहेरच्या कोणाच्या लबाडीने पैसे गेले असतील तर तेवढ्या मुदतीत कळवणाऱ्या ग्राहकावर भार पडत नाही. १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. आणि त्याच दिवशी, शक्यतो बँकेच्याही आधी, प्लॅटफॉर्मला लिहून खातं गोठवायला सांगा. 'ही खरेदी माझी नाही, बँकेत तक्रार करत आहे' हे तुमच्याकडून आधी पोहोचलेलं असेल, तर पुढे येणाऱ्या चार्जबॅककडे ते वेगळ्या नजरेने बघतात.

पुढच्या खरेदीसाठी दुसऱ्याचं कार्ड खात्याला जोडून ठेवू नका. स्वतःच्या बचत खात्याचं डेबिट कार्ड वापरा आणि बँकेच्या अ‍ॅपमधून ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा तीन-चार हजारांवर ठेवा, किंवा लागेल तेवढेच पैसे यूपीआयने वॉलेटमध्ये भरा. अनोळखी वेबसाइटवरच्या अर्ध्या किमतीतल्या गेमच्या 'की', म्हणजे गेम सुरू करायचे कोड, घेऊ नका. त्यातल्या काही चोरीच्या कार्डावर घेतलेल्या असतात आणि मूळ मालकाने चार्जबॅक केला की तुमच्या खात्यातून गेम गायब होतो. नवा गेम घेतल्यावर पहिल्या दीड तासातच तो नीट चालतो का याचा फैसला करा आणि मेनूवर तसाच सोडून जेवायला उठू नका. ज्यांना एखादा गेम कायमचा जवळ हवा आहे त्यांनी तो गॉगवर मिळतो का ते पाहावं. तिथे इंस्टॉलर उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि पुढे खातं असो नसो, तो चालतो.

एक काम मात्र बँकेच्या पत्राचीही वाट न पाहता आजच करा. लॅपटॉप फॉरमॅट करू नका आणि गेम काढून टाकू नका. तुमच्या आठ वर्षांच्या सेव्ह फाइल्स बऱ्याच अंशी अजून त्याच्यावर असतील: काही डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स' फोल्डरमध्ये, काही लपलेल्या 'अ‍ॅपडेटा'त, आणि प्लॅटफॉर्म स्टीम असेल तर काही त्याच्या 'यूजरडेटा' फोल्डरमध्ये. कोणत्या गेमची फाइल कुठे असते ते पीसीगेमिंगविकी या वेबसाइटवर सापडतं. ही तिन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.